शाल नको, पाडा ठेवा

सत्काराची शाल आधी आणायची आणि ज्याचा सत्कार त्याला मागाहून विचारायचं, हा आमच्या वाडीचा जुना क्रम आहे. या वर्षीही तेच झालं. मे महिन्यातल्या पूजेला मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा देवळात कुणा ना कुणाचा सत्कार असतो. आजवर शिक्षकांचे झाले, पोस्टमनचा झाला, एसटीच्या दोन कंडक्टरांचा झाला. या वेळी मुंबई मंडळाने फोनवरच ठरवलं की गुरांच्या डॉक्टरांचा करायचा. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. मानपत्राचा मजकूर माझ्याकडे आला, कारण मी लांज्याला एका शाळेत लेखनिक आहे आणि माझं अक्षर बरं आहे असा समज आहे. मजकूर लिहायला बसलो तेव्हा मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून विचारलं, "त्यांना विचारलंय का?"

"विचारायचं काय त्यात? सत्काराला कुणी नाही म्हणतं का?"

नावं मी इथे कुणाचीच लिहीत नाही. वाडी लहान आहे, ओळखणारे ओळखतील. पण एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. आम्ही ज्यांना डॉक्टर म्हणत आलो ते डॉक्टर नव्हते. पदवीचे डॉक्टर तालुक्याला बसत. हे पशुधन पर्यवेक्षक म्हणून शेजारच्या गावच्या छोट्या दवाखान्यात आले आणि बदल्या होऊनही फिरून फिरून याच भागात राहिले. त्यांचं मूळ गाव मंडणगडकडचं. "मला डॉक्टर म्हणू नका," असं ते पहिल्या दिवसापासून सांगत. कुणी ऐकलं नाही. रोगी गाय ज्याच्या हाताने उठते तो डॉक्टर, एवढी आमची व्याख्या.

त्या वेळी आमच्या वाडीपर्यंत रस्ता नव्हता. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे मोटारसायकल ठेवून, घागरीएवढा एक पत्र्याचा डबा खांद्याला अडकवून ते चढण चढत. डब्यात द्रवरूप नत्र असे आणि त्यात बारीक नळ्यांमध्ये वळूचं गोठवलेलं वीर्य. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर पडून जमिनीवर पसरायची. माझ्या आईने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विचारलं, "ह्यात काय बरफ हाय?"

"बर्फाचा आजोबा आहे, वहिनी. बोट घालू नका, बोट परत मिळणार नाही."

गायीला इंजेक्शन द्यायला माणूस आला, काम करून गेला, असं त्यांचं नव्हतं. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. ते गोठ्यात उकिडवे बसत आणि पंजा पूर्ण उघडून जमिनीवर टेकवत. पंजा ओला झाला की तो घरधनिणीसमोर धरत. "इथे तुम्ही झोपाल?"

"मी झोपले तर दूध कोन काढील?" असं आई एकदा म्हणाली. त्यावर ते इतके हसले की गाय बिचकली. पण पुढच्या खेपेला त्यांनी पहार मागितली आणि स्वतः खणून आमच्या गोठ्याला उतार काढून दिला. मूत वाहून जाण्यासाठी किती उतार हवा ते त्यांनी वाटीभर पाणी ओतून दाखवलं. त्यानंतर वाडीतल्या निम्म्या गोठ्यांत तशी वाटी ओतली गेली. पेंढा आख्खा टाकू नका, तोडून टाका. मिठाची खडी टांगून ठेवा. कास धुऊन पुसा. वासराला पहिला चीक अर्ध्या तासाच्या आत पाजा. आज या गोष्टी इतक्या सवयीच्या आहेत की त्या कुणी शिकवल्या हेच लोकांच्या लक्षात नाही. शिकवणाऱ्याचं काम झालं याची हीच खूण असावी, पण त्यामुळे मानपत्र लिहायला फार जड जातं.

सभा देवळात व्हायची. भिंतीवरच्या खिळ्याला ते कापडी तक्ता अडकवत, त्यावर भलीमोठी कास असलेली गाय रंगवलेली असे. पुरुष मुंबईला, त्यामुळे सभेला म्हातारे आणि बायका. बायका खांबाआड बसायच्या. डॉक्टरांनी दोन सभांत म्हाताऱ्यांसमोर भाषण केलं. तिसऱ्या सभेला तक्ता काढला आणि खांबाजवळ नेऊन लावला. "गुरं यांच्या हातात आहेत, मग मी तुमच्याशी कशाला बोलू?" असं म्हाताऱ्यांना तोंडावर सांगितलं. म्हातारे महिनाभर रुसले होते म्हणे. त्यानंतर सभा म्हणजे पाऊण तास त्यांचं बोलणं आणि पुढे तास-दीड तास आमच्या बायकांचं.

आमच्या घरी त्या डब्यातून झालेली गाय होती, लाल अंगाची, पांढऱ्या डोक्याची. आमची गावठी गाय चांगल्या दिवसात दीड लिटर द्यायची. ही सात द्यायची, वेत ताजं असताना आठ. ते दूध लांज्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात जायचं आणि त्यावर माझं कॉलेज झालं. हे मी भावनेने लिहीत नाही, त्या काळात घरात दुसरी आवक कोणती होती हे मला नीट ठाऊक आहे म्हणून लिहितो.

तर मानपत्राचा कच्चा मजकूर खिशात घालून मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. लांज्याच्या बाहेर त्यांचं घर आहे. गुडघ्यांनी आता त्रास दिलाय, पण बसून कामं चालू असतात. पती-पत्नी दोघं अंगणात कोकमाच्या साली रसातून काढून उन्हात पसरत होते. बोटं लाल होती. मी आल्याचं कारण सांगितलं. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि मजकूर वाचला. मग पेन्सिल मागितली.

"'अहोरात्र' काढ. रात्री मी झोपायचो. दोन-चार अडलेल्या गायी सोडल्या तर रात्री मला कुणी उठवलेलं नाही. आणि 'डॉक्टर' काढ."

"बरं."

"आता सांग, सत्कार कशाचा?"

"तुमच्या कामाचा."

"कुठल्या?"

"सगळ्याच."

"सगळ्या कामाचा सत्कार म्हणजे कुठल्याच कामाचा नाही. तू हिशेबातला माणूस ना? वाडीत गायी किती आहेत आज?"

"अकरा. गोठे सात." मुंबईला दारं लावून गेलेली घरं सोडून सात, हे मला पाठ होतं.

"त्यातल्या गावठी किती?"

"सहा. त्याही बाहेरून आणलेल्या."

"आणि पाडे? गावठी नर?"

"एकही नाही."

"मग त्या सहा गायी माजावर आल्या की काय करता?"

मी म्हटलं, दवाखान्यात फोन करतो. "आणि मग?" त्यांनी विचारलं. मलाच पुढे बोलावं लागलं. हल्ली एका माणसाकडे चार दवाखाने असतात. तो यायला दुसरा दिवस उजाडतो. गायीचा माज तोवर ओसरलेला असतो. आणि आला तरी त्याच्याकडे मोठ्या जातीचंच वीर्य असेल, तर आमच्या लहान चणीच्या गायीला ते वासरू काढताना जीव नकोसा होतो. गेल्या वर्षी एक गाय त्यातच गेली होती.

"म्हणजे सहा गायी आहेत तोवर आहेत," ते म्हणाले. "त्या गेल्या की गावठी जात तुमच्या वाडीतून संपली. आता या गुरांना जात म्हणून मान्यता मिळालीय, दापोलीच्या कृषी विद्यापीठात त्यांचा अभ्यास चालतो. तिथून पोरं येऊन मला विचारतात, अस्सल पाडा कुठे मिळेल? मी काय सांगू? मीच ते सगळे खच्ची केले."

त्यांच्या पत्नी साली पसरता पसरता म्हणाल्या, "वर्षभर हेच चाललंय. तुम्हीच ऐका आता थोडं."

मग त्यांनी देवाच्या पाड्याचं सांगितलं. ही हकिगत मी पूर्वी शेजारच्या काकीकडूनही ऐकली होती. कौल लागला त्या दिवशी मी देवळात नव्हतो, म्हणून दोघांचं सांगणं ताडून पाहूनच लिहितो आहे.

संकरित गायींची योजना आली तेव्हा तिच्यात एक अट होती. गावातले सगळे गावठी नर खच्ची करायचे, नाहीतर इंजेक्शनाच्या आधीच गाय त्यांच्याकडून फळते आणि पुढची पिढी होती तशीच राहते. लोकांचे स्वतःचे पाडे त्यांनी चिमट्याने खच्ची केले. त्याला फारसा विरोध झाला नाही, कारण नांगराचा बैल आज ना उद्या खच्ची करायचाच असे. अडचण एकाची होती. ग्रामदेवतेला सोडलेला एक पाडा होता, काळसर तांबडा, खांद्याने भरलेला. तो कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला काठी लागत नसे. त्याला हात लावायचा तर देवाला विचारायला हवं.

डॉक्टरांनी तेही केलं. तोवर त्यांना कळलं होतं की आमच्याकडे तक्ते लावून जे होत नाही ते कौल लावून होतं. गुरवाने देवीच्या मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या. गाऱ्हाणं कसं घालायचं ते डॉक्टरांनी गुरवाला आधीच सांगून ठेवलं होतं. गावात दूधदुभतं वाढावं, पोराबाळांच्या तोंडी ताक-लोणी लागावं, म्हणून जे काम हाती घेतलंय त्याला तुझी संमती असेल तर उजवा कौल दे. लोक "व्हय महाराजा" म्हणाले. उजवी कळी पडली.

"मी पाड्याचं नावच घेतलं नव्हतं," ते मला म्हणाले. "दूध वाढावं का, असं विचारलं तर देव काय नको म्हणेल? माणूससुद्धा म्हणणार नाही. सभेत होकार कसा मिळवायचा हे मला येत होतं. प्रश्न असा विचारायचा की नाही म्हणायला जागाच उरू नये. तेच मी देवीसमोर केलं. आणि एका बाईच्या ते लक्षात आलं होतं."

ती बाई म्हणजे काकी. तेव्हा ती नवी सून होती. खांबाआडून ती म्हणाली होती, "पाड्याचा नाव कुठे घेतलात?" तिच्या सासूने तिला दंडाला धरून खाली बसवली. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच आहे की डॉक्टरांच्या मते ती हळू बोलली होती आणि काकीच्या मते सगळ्या देवळाने ऐकलं होतं.

पाडा पुढे बरीच वर्षं जगला, पण त्याच्यापासून एकही वासरू झालं नाही. तो गेल्यावर नवा सोडावा असं कुणाला वाटलं नाही.

"तुम्ही योजनेप्रमाणे केलंत," मी म्हटलं. "आणि त्या गायीवर मी शिकलो. ते खोटं कसं म्हणू?"

"खोटं म्हण असं मी कुठे म्हणतोय? गाय आणली ते बरोबर होतं. ज्या घरात चार माणसं राबायला होती तिथे ती टिकली, तुमच्याकडे टिकली. पण जिथे एकटी म्हातारी होती तिथे ती गोचिडांनी आणि तापाने मेली, आणि मागे गावठीही राहिली नव्हती. एक पाडा तरी मागे ठेवायला पाहिजे होता. एक." त्यांनी पेन्सिल मला परत दिली. "मला शाल नको. सभा लावून दे. माझ्या भावाच्या गोठ्यात मंडणगडला वर्षाचा पाडा आहे. आजीपणजीपासूनची गुरं आहेत, तिकडे डबा पोचलाच नव्हता. तो द्यायला तयार आहे. तो पाडा वाडीने ठेवला तर माझा सत्कार झाला. नाही ठेवला तर शाल घेऊन मी काय करू? पूजेला बसू?"

मंडळाच्या अध्यक्षांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, फ्रेम झालीय. सातशे रुपये दिलेत."

"फ्रेम मजकुराशिवाय झाली?"

"मजकूर नंतर सरकवू. पण सत्काराच्या दिवशी पाडाबिडा काय? लोक सुट्टी काढून येतात, त्यांच्यासमोर माणूस उठून आपलं चुकलं म्हणणार? वातावरण जातं रे सगळं."

शेवटी तोड निघाली. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी, चार वाजता, ज्यांना यायचं त्यांच्यासाठी सभा. मला वाटलं होतं दहा माणसं येतील. देऊळ भरलं. मे महिन्यात दुपारी घरात उकडतं आणि देवळात मंडळाचे पंखे असतात, हेही त्याचं एक कारण असेल.

ते रिक्षाने आले. बरोबर तक्ता नव्हता, काठी होती. व्यासपीठावर त्यांच्यासाठी गादीची खुर्ची होती. ती त्यांनी उचलायला लावली आणि खांबाजवळ, बायका बसल्या होत्या तिथे ठेवायला सांगितली. माझ्या पिढीच्या बायका चटकन सरकल्या. त्यांच्या सुना मात्र एकमेकींकडे पाहून हसल्या, कारण ही जागेची भानगड काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

ते थोडंच बोलले. पाड्याबद्दल बोलले, सहा गायींबद्दल बोलले. मग काकी उभी राहिली. आता ती सत्तरीच्या घरात आहे, कमरेत वाकली आहे, आवाज तसाच आहे.

"डाक्टर, ह्यो पाडा दूध देनार हाय?"

"नाही."

"नांगराला?"

"नांगर आहे कुणाकडे? सगळ्यांकडे मशीन आलं."

"मंग खानार किती?"

"आता पाच-सहा किलो पेंढा-गवत. मोठा झाला की दुप्पट."

"अगो बाय! म्हनजे आमच्या जावयासारखाच."

देऊळ हसलं. जावई तिथेच बसला होता, तोही हसला. मुंबईच्या एका गृहस्थांनी हात वर केला आणि म्हणाले की त्यांची वर्गणी काढायची तयारी आहे. पाडा एखाद्या गोशाळेत ठेवावा, खर्च मंडळ देईल, वाटल्यास डॉक्टरांच्या नावाची पाटी लावू. टाळ्या पडल्या.

"पाटीवर गाय फळत नाही," डॉक्टर म्हणाले. "पैसे तुमच्याकडे आहेत, मला दिसतंय. मला रोज सकाळी शेण काढणारा माणूस पाहिजे. इथे, वाडीत. आहे कुणी?"

या वेळी हात वर झाला नाही. हीच खरी गोष्ट होती आणि ती सगळ्यांना कळत होती. सात गोठे. त्यातल्या चार गोठ्यांत एकटी बाई किंवा दोघं म्हातारे. अध्यक्ष माझ्याकडे बघून घड्याळ दाखवत होते.

डॉक्टर काठीवर भार देऊन उभे राहिले. "या देवळात मी एकदा देवीला विचारलं, पण नीट विचारलं नाही. त्या दिवशी या काकी बरोबर होत्या आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून आज तुम्हाला सरळ विचारतो. पाड्याचं नाव घेऊन. तो काही देणार नाही, नुसता खाणार. दोन-तीन पावसाळे त्याला पोसायचा, मग कुठे त्याची वासरं होतील. ती वासरंसुद्धा दीड लिटरवालीच. ठेवता का? नाही म्हणालात तर मी घरी जाईन, राग नाही."

आयुष्यभर होकार मिळवणाऱ्या माणसाने नकाराला एवढी मोठी जागा करून दिलेली मी तेव्हा पाहिली. मला वाटलं, संपलं.

"तवा मना सासूनं चिमटा काढला व्हता," काकी म्हणाली. "हिरवानीळा झाला व्हता हात. तो चिमटा तुमच्या चिमट्याहून वायट." पुन्हा हशा झाला. ती थांबली नाही. "माझ्याकडे पेंढा हाय. गोठा हाय. पन रोज मना व्हायाचा नाय. एक म्हयना व्हईल."

"एक महिना?" डॉक्टर लगेच खाली बसले आणि खुर्ची पुढे ओढली. "कुठला महिना?"

पुढचा पाऊण तास बाजार भरल्यासारखा गेला. महिन्याने घर बदलायचं हे ठरलं, कारण आमच्याकडे पूर्वी गुरं राखायलाही घराघरांच्या पाळ्या असत, त्यामुळे ते कुणाला समजावावं लागलं नाही. भांडण कुठला महिना कुणाला यावर झालं. दिवाळीनंतर भात कापलेलं असतं, गुरं सड्यावर, कातळाच्या माळावर, मोकळी सुटतात, ते महिने सगळ्यांना हवे. पावसाचे कुणालाच नको. माझी बायको मागून स्पष्ट म्हणाली, "आम्हाला पावसातला नको. हे शाळेत जातात, गवत मला कापावं लागतं." डॉक्टरांनी तिच्याकडे वळून विचारलं, गवत किती लांबून आणता? बांधावर का लावत नाही? लावलं होतं तर मेलं कशाने? तिनेही सगळं सांगितलं. अर्ध्या तासाने आषाढ आमच्याकडे आला होता आणि तो कसा आला हे तिला अजून सांगता येत नाही. मंडळाने भाताचा कोंडा आणि पेंडीचा खर्च उचलला. वर्गणी देणाऱ्या गृहस्थांना अखेर काम मिळालं.

डॉक्टर घामाने भिजले होते. कुणी पाणी दिलं तर ते हातात घेऊन तसंच बोलत राहिले. मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं तेव्हाचा हा चेहरा होता, वयाचा भाग सोडला तर.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला ते थांबले नाहीत. पत्नी घरी एकटी आहे म्हणाले. अध्यक्षांनी रिक्षापर्यंत जाऊन शाल त्यांच्या खांद्यावर घालायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी ती काढून घडी करून त्यांच्याच हातात दिली. "पाडा आला की त्याच्या पाठीवर टाका," म्हणाले, आणि रिक्षा गेली. मानपत्राची रिकामी फ्रेम देवळाच्या कपाटात आहे. मी मजकूर अजून पूर्ण केलेला नाही. 'अहोरात्र' काढल्यावर त्या जागी काय घालावं ते सुचत नाही.

पाडा जूनच्या सुरुवातीला टेम्पोतून आला. लहान, तांबूस, पायांना चपळ, डोळ्यांत भरपूर संशय. पहिला महिना वरच्या घरी राहिला आणि आषाढ लागला तशी मी त्याला भर पावसात दाव्याने आमच्या गोठ्यात आणला. बायको पहिले आठ दिवस त्याला नुसतं "तो" म्हणत होती. नंतर तिने त्याच्यासाठी पेजेचं वेगळं भांडं काढलं.

डॉक्टर महिन्यातून दोनदा फोन करतात. पाडा खातो का, पातळ हगतो का, गोचीड आहे का, कानामागे हात घालून बघितलं का. एकदा गुडघे बरे असताना एसटीने स्वतः आले. पाण्याचं भांडं बघून बायकोला म्हणाले, "या भांड्यातलं पाणी तुम्ही प्याल?" ती चिडली. ते गेल्यावर तिने भांडं घासलं.

आषाढ संपायला आला तेव्हा पाऊस तुफान होता. मी फोनवर म्हटलं, "चार दिवस इथेच राहू दे, काय बिघडतं? इथे रुळलाय."

"म्हणूनच हलव," ते म्हणाले. "एका घरी रुळला की तो त्या घराचा होतो, वाडीचा राहत नाही. मग त्या घरचा माणूस आजारी पडला की पाडा गेला. हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. महिना भरला की हलवायचा. पाऊस असो नाहीतर काही असो."

म्हणून श्रावणाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी त्याला काकीकडे घेऊन गेलो. बायको गोठ्याच्या दारापर्यंत आली आणि पेजेचं भांडं मला दिलं, ते तिकडेच ठेवा म्हणाली. वाटेत पाडा दोनदा अडून बसला. काकीच्या खळ्यात पोचलो तेव्हा आम्ही दोघेही निथळत होतो. काकीने कंदील नव्हे, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली. मानेवर हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, शेपूट उचलून बघितली.

"बारीक केलास रे पाड्याला," ती म्हणाली.

तो बारीक झालेला नव्हता. छातीचा घेर मी दर रविवारी सुतळीने मोजत होतो आणि तो चार बोटं वाढला होता. पण मी दावं तिच्या हातात दिलं, भांडं ओट्यावर ठेवलं आणि निघालो. मागून तिचा आवाज येत होता, ती पाड्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगत होती.